खुर्ची सोडली, पण मालक कोण?

गेल्या महिनाभरात तुमचे जे मेसेज आले, त्यातले निम्मे एकाच साच्यातले आहेत. "दादा, दिवसभर खुर्चीत बसून पाठ गेली. स्क्रीन बघून डोळे गेले. काहीतरी हिंडतं-फिरतं काम सांग ना." आणि शेवटी हमखास एक ओळ असते, "वेळ आपल्या हातात पाहिजे." आजचा भाग त्या शेवटच्या ओळीसाठी आहे. कारण हिंडतं-फिरतं काम मिळणं सोपं आहे हो. आपल्या देशात बहुतेक माणसं तेच करतात. वेळ हातात असणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती कशी येते यावर कोणी फारसं बोलत नाही.

जे पहिल्यांदा ऐकताय त्यांच्यासाठी सांगतो. मी इचलकरंजीचा. बी.कॉम. झालो, मग पुण्यात एका कंपनीच्या बॅक ऑफिसला तीन वर्षं काढली. विम्याचे क्लेम तपासायचे, रकाने भरायचे. दुपारी दोन ते रात्री अकरा. २०२१ ला ते सोडून परत आलो, आयटीआयला इलेक्ट्रिशियनला प्रवेश घेतला, आणि आज मी छतांवर सोलर बसवतो. माझी तिघांची टीम आहे. इचलकरंजी, जयसिंगपूर, कुरुंदवाड, कागल, इकडं सगळीकडं आमचं काम चालतं. त्यामुळं आज जे सांगणार ते याच एका धंद्यातून सांगणार. तुम्ही ट्रेक लीडर व्हा, लिफ्टचे टेक्निशियन व्हा, फिजिओथेरपिस्ट व्हा, तपशील बदलतील. प्रश्न मात्र बदलत नाहीत, असं माझं मत आहे.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण रील्समध्ये फक्त शेवटचा ड्रोन शॉट दिसतो.

एका घरासाठी साधारण तीन किलोवॅटची सिस्टीम लागते. म्हणजे साडेपाचशे वॅटची सहा पॅनेल. एक पॅनेल अठ्ठावीस किलोच्या आसपास, आणि दारापेक्षा मोठं, सव्वादोन मीटर लांब. ते जिन्यानं वर न्यायचं. जिना अरुंद असेल तर बाहेरून दोरानं ओढून घ्यायचं, आणि वाऱ्याची झुळूक आली की ते पॅनेल शिडाच्या जहाजासारखं तुम्हालाच ओढायला लागतं. मग स्ट्रक्चर उभं करायचं, स्लॅबला भोक पाडायचं ते पाणी गळणार नाही असं पाडायचं, केबल ओढायची, अर्थिंगचे खड्डे घ्यायचे, वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून अरेस्टर लावायचा, इन्व्हर्टर भिंतीवर बसवायचा. आणि हे सगळं उन्हात. सोलरचं काम सावलीत कसं होणार, जिथं ऊन पडतं तिथंच पॅनेल लावायचं असतं!

एप्रिल-मे महिन्यात आम्ही सकाळी साडेसहाला छतावर असतो. अकराला खाली. मग चारनंतर परत वर. मधले पाच तास पत्र्यावर हात ठेवून बघा एकदा, म्हणजे का ते कळेल. पुण्यात मला रोज पाच हजार पावलं पूर्ण करायला रात्री पार्किंगमध्ये फेऱ्या मारायला लागायच्या. आता पावलं मोजत नाही. भूक लागते, झोप लागते. पाठदुखी पहिल्या चार-पाच महिन्यांत गेली, हे खरं आहे. पण तिच्या जागी खांदा आला. डावा. पॅनेल नेहमी त्याच खांद्यावर घेतलं जातं म्हणून. आता आम्ही मुद्दाम बाजू बदलतो आणि एक पॅनेल दोघंच उचलतात, एकट्यानं उचलायचं नाही असा नियम आहे.

इथं थोडं थांबून एक अभ्यास सांगतो, कारण मला तो वाचून मोठा धक्का बसला होता. आपल्याला माहीत आहे की हालचाल चांगली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला किमान दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम करा. बरोबर. पण डेन्मार्कमध्ये अँड्रियास होल्टरमन नावाचे संशोधक आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगनच्या एक लाखाहून जास्त लोकांचा साधारण दहा वर्षं मागोवा घेतला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. जे फावल्या वेळात हालचाल करतात त्यांचे हृदयविकार आणि मृत्यू कमी. आणि जे कामावर खूप शारीरिक मेहनत करतात त्यांचे? जास्त. तेच शरीर, तेच स्नायू, पण परिणाम उलटा. याची कारणं काय असावीत, तर कामावरची मेहनत फार लांब चालते, मध्ये विश्रांती नसते, एकाच अवस्थेत तासन्‌तास उभं राहावं लागतं, आणि वेग तुम्ही ठरवत नाही. जिममधला माणूस दमला की डंबेल खाली ठेवतो. हमालाला पोतं खाली ठेवता येत नाही.

हे मला डेन्मार्ककडून शिकायची खरं तर गरज नव्हती. ते आमच्या घरात आहे.

आमचे अण्णा यंत्रमागावर होते. इचलकरंजीचं नाव ऐकलंय त्यांना माहीत असेल, गावभर खटाखटा आवाज. अण्णांकडे सहा माग. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. उभं राहायचं, एका मागावरून दुसऱ्याकडं चालायचं, धागा तुटला की जोडायचा, कांडी संपली की बदलायची. पगार कापडावर. जेवढं विणलं तेवढे पैसे. माग बंद ठेवला तर त्या तासाचं काही नाही. तीस-एक वर्षं. आता गुडघे गेलेत आणि ऐकू कमी येतं. टीव्हीचा आवाज आमच्याकडं शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू जातो. तसं बघितलं तर अण्णांचं काम एकदम ॲक्टिव्ह होतं. डेस्क नव्हता. दिवसाला किती पावलं होत असतील कोणास ठाऊक.

मी नोकरी सोडून आलो आणि आयटीआयचं सांगितलं तेव्हा घरात तीन दिवस कोणी नीट बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "मी बारा तास उभा राहिलो, ते तू बसून काम करावंस म्हणून. आणि तू उठून आलास?"

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ही खुर्ची कोणीतरी उभं राहून कमावलेली असते. मोटिव्हेशनवाले लोक "नऊ ते सहाचा पिंजरा तोडा" वगैरे म्हणतात ना, त्यांच्या बापाने मागावर रात्रपाळी केलेली नसते. आपल्या आई-वडिलांच्या पिढीसाठी टेबल-खुर्ची म्हणजे पंखा, पाण्याचा माठ, पहिल्या तारखेला पगार, आणि म्हातारपणी चालता येतील असे गुडघे. ते जुनाट विचाराचे नाहीत. त्यांच्याकडं माहिती आहे, आपल्यापेक्षा जास्त.

मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. कारण मला उत्तर येत नव्हतं. पुढं वर्षभरानं, मी हेल्पर म्हणून एका ठेकेदाराकडं जायला लागलो, तेव्हा रोज रात्री अण्णा एकच प्रश्न विचारायचे. पगार किती, काम जमतं का, असलं काही नाही. "आज कधी उतरवलं खाली?" बस्स. मी म्हणायचो सात, कधी आठ. अंधारात बॅटरी लावून केबल जोडलीय असं एकदा सांगितलं, तर म्हणाले, "मग तुझ्यात नि माझ्यात फरक काय? माग कुणाचा, त्याला विचारून थांबायचं. तुझा मालक कोण?"

मंडळी, माझ्या दृष्टीनं सगळा विषय या प्रश्नात आहे. बसून काम की उभं राहून, हा मुद्दाच नाही. थांबायचं कधी हे कोण ठरवतं? खुर्चीतला माणूस शिफ्ट लीडला विचारून चहाला जात असेल तर तो बसलेला यंत्रमाग कामगारच आहे. आणि छतावरचा माणूस ठेकेदाराच्या फोनवर पळत असेल तर तो उन्हातला बॅक ऑफिसवाला आहे. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मित्रांना हे सांगायला नको. ॲप म्हणतं, पाहिजे तेव्हा लॉगिन करा. पण पैसे गर्दीच्या वेळेतच, पाऊस असेल तेव्हाच जास्त. मग पाहिजे तेव्हा म्हणजे कोणाला पाहिजे तेव्हा?

आता प्रॅक्टिकल बोलू.

वेळ आपल्या हातात येण्यासाठी माझ्या धंद्यात तीन-चार गोष्टी लागल्या. पहिली, कागद. हसू नका. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय दोन वर्षांचा, दहावीवर प्रवेश, आणि वरची वयाची अट नाही. माझ्या वर्गात मी पंचविशीचा, बाकी सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, मला काका म्हणायची. त्यानंतर अप्रेंटिस, मग सरकारचा वायरमन परवाना. हा कागद नसेल तर तुम्ही कायम दुसऱ्याच्या नावाखाली काम करता, आणि दुसऱ्याच्या नावाखाली काम करणाऱ्याला दर ठरवता येत नाही. यूट्यूबवर बघून वायरिंग शिकता येतं का? येतं. परवाना येत नाही.

शिवाय या कामात न शिकता हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. घरातली वीज मेन स्विच पाडला की जाते. सोलर पॅनेलला स्विच नसतो, त्याचा स्विच वर आकाशात आहे. ऊन आहे तोवर त्यात वीज आहे. सहा पॅनेल एका रांगेत जोडली की तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी तयार होते, आणि डीसीची ठिणगी एकदा पेटली की एसीसारखी सहज विझत नाही. कनेक्टर नीट दाबला गेला नाही तर आज काही होत नाही, सहा महिन्यांनी तो तापून वितळतो. म्हणून मी टीममधल्या पोरांना सांगतो, वेग नंतर, आधी कनेक्टरचा "टक्" आवाज आला का ते ऐक. आणि कमरेला हार्नेस लावल्याशिवाय पत्र्यावर पाय नाही. सिमेंटचा पत्रा तर वरून भक्कम दिसतो आणि पायाखाली बिस्किटासारखा तुटतो.

दुसरी गोष्ट, हंगाम ओळखणं. आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चला झुंबड असते, कारण कारखानदारांना ३१ मार्चच्या आत सिस्टीम चालू करून घसारा त्या वर्षाच्या हिशेबात धरायचा असतो. एप्रिल-मेमध्ये घरगुती कामं, बिल बघून लोक जागे होतात. जून ते सप्टेंबर आमचा कोल्हापूर भाग म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पंचगंगा कुठवर आली याचीच चर्चा. नवीन काम जवळपास बंद. तेव्हा साफसफाई, दुरुस्ती, कागदपत्रं.

पैशाचं विचारता ना? सांगतो. पुण्यात हातात चोवीस हजार यायचे. हेल्पर असताना दिवसाला पाचशे रुपये, तेही काम असेल त्या दिवशी. आज चांगल्या महिन्यात माझ्या वाट्याला पंचेचाळीस-पन्नास हजार राहतात. जुलैत बारा-पंधरा. त्यामुळं मी मार्चचा पैसा जुलैचा आहे असं समजून वेगळ्या खात्यात टाकतो. आणि उधारी हा आमचा खरा पाऊस आहे. आपण कंपनीसाठी काम केलं की शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत अडकतो, ते महिना घेईल नाहीतर दोन. काम घेतानाच किती टक्के आधी, किती नंतर, हे लिहून घ्यायचं. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लिहून.

काम मात्र आहे, भरपूर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. आपल्या भागात तीन किलोवॅटवर दिवसाला सरासरी बाराएक युनिट तयार होतात, म्हणजे मध्यमवर्गीय घराचं बिल जवळपास संपतं. सगळं गाव विचारायला लागलंय. पण योजनेवर धंदा उभा असेल तर योजना बदलली की काय, हाही विचार डोक्यात ठेवा. म्हणून मी दुरुस्ती आणि देखभालीची कामं धरून ठेवलीत. आज बसवलेलं पॅनेल वीस-पंचवीस वर्षं छतावर असणार. त्यावरची धूळ, सैल झालेला नट, बिघडलेला इन्व्हर्टर, हे काम कोणत्याही सरकारात राहणारच.

तिसरी गोष्ट, शरीर हेच भांडवल आहे आणि त्याचा विमा बहुतेकांनी काढलेला नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देते, बँकेत एक फॉर्म. माझ्या टीमच्या तिघांचाही मी काढायला लावला. पण लक्षात घ्या, पाय मुरगळून तीन आठवडे घरी बसलात तर त्यातून काही मिळत नाही. त्या तीन आठवड्यांचे पैसे आपणच बाजूला ठेवायचे. नोकरीत सिक लिव्ह नावाची जी चीज असते ना, ती किती किमती होती हे मला पहिल्या व्हायरल तापात कळलं.

गेल्या डिसेंबरात अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी पंधरा दिवस सगळी कामं पुढं ढकलली. ग्राहकांना फोन केले, दोन कामं दुसऱ्या टीमला दिली, एक ग्राहक रागावून गेला. पंधरा दिवस कमाई शून्य. पण कोणाकडं रजेचा अर्ज केला नाही. पुण्यात असतो तर चार दिवस मिळाले असते, पगारी. कोणतं चांगलं? मला पंधरा दिवस बरे वाटले. तुमच्या डोक्यावर घराचा हप्ता असेल तर तुम्हाला ते चार पगारी दिवस बरे वाटतील, आणि तुम्ही चुकीचे नसाल.

लोक काय म्हणतात, हेही विचारलंय बऱ्याच जणांनी. म्हणतात की. माझं लग्न ठरवताना दोन ठिकाणी "मुलगा वायरमन आहे" म्हणून नकार आला. बायोडेटात आईनं "सोलर इंजिनिअरिंग व्यवसाय" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, तिला तर ग्राहक अजून विचारतात, "तुम्ही ऑफिसमधून आलात का? मिस्त्री कुठं आहेत?" ती काही बोलत नाही, शिडीवर चढते. वरून मागते, "दहाचा पाना द्या." मग समजतं सगळ्यांना.

हे काम कोणी करू नये? उंचीची भीती असेल तर नको, ती "जाते" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घरात एकट्याची कमाई असेल आणि सहा महिन्यांची शिल्लक नसेल तर आत्ता नको, आधी शिल्लक करा. आणि फक्त बॉसचा कंटाळा आला म्हणून येत असाल तर थांबा जरा. ग्राहक हासुद्धा बॉसच असतो, आणि तो रविवारी सकाळी सातला फोन करतो. त्यापेक्षा आधी तीन-चार रविवार एखाद्या टीमबरोबर जा. फुकट जा. संध्याकाळी घरी आल्यावर अंग दुखत असेलच, ते सोडा. दुसऱ्या रविवारी परत जावंसं वाटलं का ते बघा.

आता आमच्या टीमचा नियम असा आहे की साडेसहाला साहित्य आवरायचं. राहिलेलं उद्या. उन्हाळ्यात उजेड असला तरी. यावरून दोन ठेकेदारांनी आम्हाला काम देणं बंद केलं, एकानं परत सुरू केलं. अण्णांचा रात्रीचा प्रश्न अजून चालूच आहे. खुर्चीबद्दल ते पुन्हा काही बोललेले नाहीत. पटलंय असंही म्हणाले नाहीत. मी विचारत नाही.

बरं, पुढच्या भागात आयटीआय प्रवेशाच्या फॉर्मबद्दल बोलू, कारण त्याचे प्रश्न भरपूर आलेत. कोणता ट्रेड, सरकारी की खासगी, अप्रेंटिस कुठं शोधायची, सगळं घेऊ. तुम्ही कोणी शेतीपंपाच्या सोलरचं काम करत असाल तर मला व्हॉईस नोट पाठवा, त्यातलं मला फार येत नाही, तुमच्याकडूनच ऐकायचंय. चला, उद्या सकाळी कुरुंदवाडला साइट आहे. भेटू.